चुडा न भरलेला दिवस

माझे अंदाज चुकतात, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटायचं, ही बाई अंगात येणाऱ्यांपैकी आहे. एका दिवाळीला मला आतून अगदी पक्कं वाटलं की यंदा बायका मोरपंखी बांगड्याच मागणार. मी मोरपंखीच्या पेट्या भरून आणल्या, आणि त्या वर्षी एकूण एक बाईनं मेंदी रंग मागितला. दुसऱ्या एका खेपेला मनानं सांगितलं, आज एसटी येत नाही, चालायला लाग. मी डोक्यावर पेटी घेऊन निघाले, आणि निम्म्या वाटेवर तीच एसटी माझ्या अंगावर धूळ उडवत पुढे गेली. आत ओळखीच्या चार बायका होत्या, त्यांनी खिडकीतून हातही हलवले. माझा नवरा हे दोन्ही किस्से येईल त्या पाहुण्याला सांगतो आणि दर वेळी माझ्या चालण्याचं अंतर एक किलोमीटरनं वाढवतो.

पण हाताच्या बाबतीत माझं मन सहसा चुकत नाही. याचं मी श्रेय घेते, कारण ते कमवायला मला तीस वर्षं लागली आहेत.

आम्ही कासार. नरडाण्याच्या बाजारात आमचं बांगड्यांचं दुकान आहे, आणि आसपासच्या खेड्यांत लग्न असो, ओटी असो, पेटी घेऊन घरी जायचं काम माझं. ही विद्या मला सासऱ्यांनी दिली. लग्न होऊन आले तेव्हा माझ्या हातून रोज डझनभर बांगड्या फुटायच्या आणि समोरची बाई कळवळायची. सासरे शांतपणे म्हणाले, "तू बाईच्या तोंडाकडे पाहतेस, म्हणून फुटतात. तोंड बाजारासाठी तयार होऊन आलेलं असतं. हात घरून जसा निघाला तसा येतो. हाताकडे पाहा." तेव्हापासून मी हाताकडे पाहते. बाईचं नाव मी विसरते, तिच्या नवऱ्याचं गाव विसरते, पण हात एकदा धरला की पाच वर्षांनी बाजारच्या गर्दीतही मला माप आठवतं. दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ. कासार हा एकच परका माणूस, ज्याच्या हाती बाई नवऱ्यादेखत आपला हात देते. असा रोज पन्नास-साठ वेळा हात हाती आला तर दगडालाही काही ना काही कळायला लागेल.

एक शिक्षिका होती. दर संक्रांतीला यायची, माप दोन-सहा. एका वर्षी तिला दोन-चारची बांगडी काहीच त्रास न होता गेली. ती खूश झाली, बारीक झाले म्हणाली. मला मात्र तिचा हात आवडला नाही. बारीक झालेला हात वेगळा आणि आटलेला हात वेगळा, हे कसं सांगायचं? मी म्हटलं, बाई, एकदा रक्त तपासा. ती हसली, पण तिनं तपासलं. साखर निघाली. पुढच्या संक्रांतीला तिनं मला तिळगुळाऐवजी फुटाणे दिले आणि म्हणाली, तुझ्यामुळे आमच्या घरात आता गोड बंद आहे, तूही खाऊ नकोस.

तर अशी माझी पुण्याई. तिच्या जोरावर मी दोन वर्षांपूर्वी एक उद्योग केला, ज्याला आमच्याकडे कुणीही वेडेपणाच म्हटलं असतं. भरल्या घरात, सातव्या महिन्याच्या ओटीच्या दिवशी, पाटावर बसलेल्या पहिलटकरणीला मी चुडा भरायला नकार दिला.

ते घर नरडाण्यापासून दोन कोसांवरच्या खेड्यातलं. कापसाची शेती, दारात ट्रॅक्टर आणि पिकअप. घरच्या मालकिणीला सगळा गाव अक्का म्हणतो आणि मालकाला नाना. त्यांच्या एकुलत्या एक मुलाचं लग्न आदल्या वर्षी झालं, तेव्हा नवरीचा चुडा मीच भरला होता. मुलगी चोपड्याकडची, जेमतेम तेवीस वर्षांची, हात अगदी दोन-चारचा, मनगटाची हाडं दिसणारा. अक्का तोंडानं फटकळ, पण सुनेला तिनं दिवस राहिल्यापासून कापूस वेचायला पाठवलं नव्हतं. डिंकाचे लाडू, साजूक तूप, दुपारची झोप, सगळं अगदी नियमानं. हे मी आधीच सांगते, कारण पुढे अक्कावर कुणी राग धरू नये. राग धरायचा हक्क फक्त माझा आहे आणि तो मी भरपूर वापरला.

त्या घरची एक रीत होती. सातवा लागला की ओटी भरेपर्यंत सुनेनं गावची शीव ओलांडायची नाही. एरवी त्यात काही बिघडत नसे, कारण सातवा लागला की आठवड्याभरात ओटी होई. या वेळी नेमकं भाऊबंदकीत एक म्हातारं माणूस वारलं आणि घराला सुतक आलं. सुतक फिटलं तर मुहूर्त मिळेना. मुहूर्त मिळाला तर चोपड्याची माणसं अडकलेली. असं करता करता सातवा सरत आला, ओटी झाली नाही, आणि ओटी झाली नाही म्हणून पोर दवाखान्यात तपासायला गेली नाही. तिची तारीख होती, कार्ड होतं, आशाताई दोनदा येऊन सांगून गेली होती. अक्का म्हणाली, ओटी झाली की दुसऱ्याच दिवशी नेते. तिच्या मनात पाप नव्हतं. चार दिवसांचाच प्रश्न, असं तिला दर चार दिवसांनी वाटत होतं.

मी तीन आठवड्यांपूर्वी बांगड्या दाखवायला जाऊन आले होते. तेव्हाही तिचा हात दोन-चारचाच होता. मी तसा हिरवा चुडा बांधून ठेवला.

ओटीच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला मी पोचले. अंगणात मांडव, बायकांनी ओसरी भरलेली, आत पुरणाचा वास. नाना आणि पुरुषमंडळी बाहेर कडुनिंबाखाली. मुलगा कामावर होता, एमआयडीसीतल्या एका कारखान्यात. आत जाताना गेटवर मोबाइल जमा करून घेतात, त्यामुळे दोन वाजता पाळी सुटेपर्यंत त्याला निरोप मिळणं शक्य नव्हतं. पोर हिरवं लुगडं नेसून पाटावर बसली होती, डोक्यावर फुलांचा मुकुट. मी समोर बसले, पेटी उघडली आणि सवयीनं हात पुढे केला. तिनं आपला हात माझ्या हातात ठेवला.

मला तो हात ओळखूच आला नाही.

खरं सांगते, मी चटकन वर तिच्या तोंडाकडे पाहिलं, तीच आहे ना म्हणून. तीच होती. डोळ्यांच्या पापण्या मात्र जड झाल्या होत्या. हातात जुन्या बांगड्या होत्या, त्या मनगटात रुतल्या होत्या आणि वरची कातडी तुकतुकीत दिसत होती. रीत अशी की जुन्या काढताना हातात एक ठेवायची, बाईचं मनगट क्षणभरही रिकामं राहू द्यायचं नाही. मी काढायला गेले तर एकही बांगडी सरकेना. मी तळव्याची मागची बाजू अंगठ्यानं दाबली. अंगठा काढला, तर तिथे खड्डा पडला आणि तसाच राहिला. मी मनात दहापर्यंत मोजलं. खड्डा भरला नव्हता.

मागून हसण्याची लाट आली. "पोरना हात कितला भरी गया व माय!" एक म्हणाली. दुसरी म्हणाली, "अक्कानं तूप लागनं तिले." तिसरीनं तर मुलगाच होणार म्हणून निकाल लावला, "आंडोरच व्हई, दखा तुम्ही." सगळ्या खुशीत होत्या. सुनेचं अंग भरलं म्हणजे सासर चांगलं, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. अक्का तर दारात उभी राहून कौतुक झेलत होती. ती मला म्हणाली, "साबण लाव व, साबण. सरकतीन बांगड्या."

साबण माझ्या पेटीत असतोच. मी पाणी मागितलं, साबण लावला, आणि उजव्या हातातल्या बांगड्या एक सोडून कशाबशा काढल्या. डाव्यातल्याही निघाल्या, पण तिथली शेवटची हलायलाच तयार नव्हती. तेवढ्यात पोर डोळे मिटून कपाळ दाबायला लागली. अक्का म्हणाली, "दोन दिनथून डोकं दुखस तिनं. दृष्ट लागेल शे. कालदिन मीठ-मिरच्या उतारी टाक्यात."

माझ्या मनात पाल चुकचुकली, असं म्हणतात ना, तसं काही झालं नाही. पाल बरी, ती निदान आवाज करते. मला फक्त तो हात खाली ठेवता येईना. लोक आतला आवाज वगैरे म्हणतात, तो मला कधी ऐकू आलेला नाही. माझं जे काही आहे ते हातात येऊन अडतं. आणि अडलं की मी काय करावं हे मला कुणी सांगितलेलं नाही. पेटीत दोन-आठचा हिरवा चुडा होता. तो साबण लावून दोन मिनिटांत बसला असता. मग मला पाटावर खण-नारळ मिळाला असता, पुरणपोळी मिळाली असती, आणि मी तीनच्या गाडीनं घरी गेले असते. तो चुडा मी हातात घेतला होता, हेही लिहून ठेवते.

मी पोरीला हळूच विचारलं, "काय होतंय गं?"

ती म्हणाली, "मावशी, माले तुम्हना हात दोन-दोन दिखी ऱ्हायनात."

मी चुडा पेटीत ठेवला आणि पेटी बंद केली. "अक्का, आज मी चुडा भरत नही," मी म्हटलं. "हिले आधी दवाखानामा न्या. आत्तेच."

 ओसरीवरच्या सगळ्या एकदम बोलायला लागल्या. ओटीच्या दिवशी पाटावरून उठवायचं? चुड्याशिवाय? पोरीची आई चोपड्याहून ओटीचं सामान घेऊन आलेली, ती बिचारी भिंतीला टेकून उभी राहिली. विहिणीच्या घरी तिचं तोंड उघडेना. अक्का माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "भरेल घरमा अपशकुन करी ऱ्हायनी तू?" ती म्हणाली. "तू बांगड्या भर. बाकी बठ्ठं आम्ही दखी लिसूत."

माझा स्वभाव बरा नाही. एरवी मी तिथल्या तिथे तीन उत्तरं दिली असती. पण त्या वेळी मला भीती वाटत होती, आणि ती दोन प्रकारची होती. एक, ही पोर माझ्या हातात काहीतरी करून बसेल. दोन, हिला काहीच नसेल. डॉक्टर म्हणतील, गर्भार बाईचे हातपाय सुजतातच, घेऊन जा घरी. मग पंचक्रोशीत मला कुठल्याही शुभकार्याला कुणी उंबऱ्यात उभं केलं नसतं. कासारणीचं सगळं पोट शुभकार्यावर. मोरपंखी बांगड्या मला त्या क्षणी एकेक करून आठवल्या.

अक्काशी बोलण्यात अर्थ नव्हता, ते पालथ्या घड्यावर पाणी झालं असतं. मी उठले आणि सरळ बाहेर कडुनिंबाखाली गेले. पुरुषांच्या बैठकीत मी कधी गेले नव्हते. नानांना मी जे पाहिलं ते सांगितलं. हात सुजलाय, दाबला तर खड्डा भरत नाही, डोकं दुखतंय, एकाचं दोन दिसतंय. नाना कमी बोलणारा माणूस. त्यांनी एकच विचारलं, "तुले पक्कं वाटस का?"

"पक्कं नही, नाना," मी म्हटलं. खोटं बोलवेना. "पन मनं मन मानत नही."

 नाना उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "बैल जराबी लंगडना तं मी त्याले औतले जुपत नही. आठे तं मनी सून शे. गाडी काढा रे."

आत एक काम राहिलं होतं. डाव्या हातातली ती रुतलेली बांगडी. तिच्याखालची बोटं मला निळसर दिसायला लागली होती. ती काढायची म्हणजे वाढवायची. फोडायची हा शब्द आम्ही तोंडातून काढत नाही, आणि ओटीच्या पाटावर तर वाढवायचीही नसते. मी पदर तिच्या मनगटाभोवती घेतला, बांगडी पदरात धरली आणि वाढवली. एवढासा आवाज झाला. पोरीची आई रडायला लागली. मी ओटीच्या ताटातला दोरा घेतला, हळदीत बुडवला आणि तिच्या त्या मनगटाला सैल बांधला. "हाई चुडाच शे," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. मला तसा काही अधिकार नव्हता, पण कुणी विचारलंही नाही.

अक्का गाडीपर्यंत आली. गाडीत चढली मात्र नाही. मला म्हणाली, "मंग तूच जाय तिनासंगे. बरंवाईट व्हयनं तं तुनंच नाव लिसू." मी चढले. पोरीचं डोकं आईच्या मांडीवर, हात माझ्या हातात, पुढे नाना. रस्त्यात ती दोनदा ओकली. प्रत्येक खड्ड्याला नानांचा उजवा पाय जमिनीवर दाबला जात होता, जणू ब्रेक त्यांच्याकडेच आहे.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नर्सनं दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, आकडा पाहिला. पट्टा सोडून दुसऱ्या दंडाला बांधला. मग दुसरं मशीन आणलं. मग ती चालत नाही, पळत डॉक्टरीणबाईंना बोलवायला गेली. मला आकड्यातलं कळत नाही, पण पळणारी नर्स कळते.

पुढचं सगळं भराभर झालं. इंजेक्शन, लघवीची तपासणी, सलाइन, धुळ्याला पाठवायला रुग्णवाहिका. त्या गडबडीत डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि नानांना म्हणाल्या, "बीपी फार वाढलंय. झटके यायच्या बेतात होती. झटके घरी आले असते तर आई-बाळ दोघांचंही कठीण होतं. कुणाच्या लक्षात आलं?"

नानांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "बांगड्यावाली," ते म्हणाले.

मला त्या वेळी काय वाटलं ते स्पष्टच लिहिते. आनंद झाला. पोर आत स्ट्रेचरवर, तिची आई देवाचं नाव घेतेय, आणि मला आनंद होतोय की माझं चुकलं नाही. लाज वाटली, तरीही होतच राहिला. मग बाहेर पायरीवर बसून मी पोटभर रडले.

रुग्णवाहिका धुळ्याला गेली, निरोप मिळाल्यावर मुलगाही परस्पर तिकडेच निघाला. मी संध्याकाळच्या आत घरी आले आणि नवऱ्याला सगळं सांगितलं. तो ऐकून म्हणाला, "हात दाखवून अवलक्षण ते हेच." मी त्या दिवशी त्याच्या भाजीत दुप्पट मिरची टाकली. त्यानं पाणी पीत पीत सगळी खाल्ली आणि मग म्हणाला, "बरं केलंस पण."

गावाचं मत तसं नव्हतं. धुळ्याला पोरीचं बीपी आटोक्यात ठेवून डॉक्टरांनी बारा दिवस काढले, मग ऑपरेशन केलं. मुलगी झाली, दीड किलोहूनही कमी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. हे बारा दिवस आणि त्यापुढचे तीन आठवडे गावात एकच बोललं गेलं: कासारणीनं ओटीच्या पाटावर बांगडी वाढवली आणि पोरीला दवाखाना लागला. आधी काय, मागून काय, हे कुणी पाहत नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला. त्याच गावातल्या एका लग्नाला माझं बोलावणं ठरलेलं होतं. त्यांनी शिरपूरहून दुसरी बांगडीवाली आणली. ती माझ्या दुकानावरून पेटी घेऊन गेली. मी तिला पाणी विचारलं, पण मनापासून नाही.

मला ती इवलीशी पोर जगायला हवी होती. दुकान बुडालं तरी चालेल पण पोर जगू दे, असं काही मी देवाला म्हटलं नाही. मला दोन्ही हवं होतं. आणि मनाच्या कोपऱ्यात एक विचार होताच: पेटीतल्या त्या जिवाला काही झालं, तर ते आयुष्यभर माझ्या नावावर राहील.

ऑपरेशननंतरच्या तिसऱ्या आठवड्यात मला राहवेना. मी धुळ्याची एसटी पकडली. नाना दवाखान्याच्या आवारात झाडाखाली बसले होते, त्यांनी मला वर नेलं. बाळंतीण पोर खाटेवर बसली होती. मला पाहिल्याबरोबर तिनं दोन्ही हात पुढे केले. मनगटाची हाडं परत वर आली होती. तीस वर्षांत मी काही हजार हात तरी पाहिले असतील. त्याइतका सुंदर हात मी पाहिलेला नाही. तेवढ्यात राउंडला डॉक्टर आल्या. त्यांनी पोरीच्या नडगीवर अंगठा दाबला, काढला, खड्डा पडतो का ते पाहिलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मी एकदम बोलून गेले, "मॅडम, हे मी हातावर करते."

त्या हसायला लागल्या. "तुम्हीच का त्या?" म्हणाल्या. "मावशी, हे आम्हाला पहिल्यांदा पुस्तकातून शिकवतात."

माझ्या अंगठ्याची गोष्ट पुस्तकात आहे! परतीच्या एसटीत मला बसायला जागा मिळाली नाही, आणि मला ते नरडाण्याला उतरल्यावर कळलं.

पेटीतल्या पोरीनं वजन धरलं. महिन्याभरानं ती घरी आली. बारसं झालं, मला बोलावणं नव्हतं. मी म्हटलं, नसू दे. पण दिवसभर माझं चित्त ठिकाणावर नव्हतं, एका बाईला मी दोन्ही हातांत वेगवेगळे रंग भरले.

बारशानंतरच्या बाजारच्या दिवशी, भर दुपारी, दुकानात पाय ठेवायला जागा नसताना अक्का आली. ओटीच्या दिवसानंतर ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. तिच्यामागे भावकीतली एक तरुण सून होती, चार-पाच महिन्यांची पोटुशी. गिऱ्हाइकांनी वाट दिली. अक्कानं त्या सुनेला खांद्याला धरून माझ्यासमोर बसवलं, शेजारी स्वतः बसली आणि साऱ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आधी हिना हात दख. बांगड्या मंग."

दुकानात शिरपूरच्या बांगडीवालीला बोलावणाऱ्या घरातल्या दोघी उभ्या होत्या. त्यांच्याकडे मी मुद्दाम पाहिलं. एवढी संत मी नाही.

मी त्या सुनेचा हात घेतला, मागून दाबला, बोटं वळवून पाहिली. हात अगदी छान होता, ऊबदार, दोन-सहाचा. "चांगला आहे," मी म्हटलं. ती रंग निवडायला बाजूला सरकली. मला वाटलं, अक्का आता उठेल. ती उठली नाही. त्या सुनेच्या जागी ती स्वतः सरकून बसली आणि तिनं आपला हात माझ्या मांडीवर ठेवला. कापूस वेचून वेचून बोटांची टोकं खरखरीत झालेला हात.  तिचा आवाज आता फक्त मला ऐकू येईल एवढाच होता.

"साबण लाव, मीच म्हनेल व्हतं ना त्या दिन?"

 तिचा हात धरून मी भर बाजारात रडायला लागले, आणि अक्का तिच्या नेहमीच्या आवाजात ओरडली, "रडस काय व? भर ना आते बांगड्या. नात घर शे, माले लवकर जानं शे."